डेटाबेस फंक्शनमधून चित्र परत करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः पोस्टग्रेस (पोस्टग्रेएसक्यूएल) हा डेटाबेस डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल जिथे वेगळे वागतात तिथे त्यांचं वेगळं सांगितलं आहे. बाइटची मूल्यं सगळीकडे दशमान पद्धतीत, म्हणजे ० ते २५५ अशी दिली आहेत.

## फंक्शनमधून चित्र परत करायला कोणता डेटाटाइप वापरायचा?

पोस्टग्रेसमध्ये बाइटए. ओरॅकलमध्ये ब्लॉब. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वॅरबायनरी, आणि त्याच्या कंसात ‘मॅक्स’ लिहायलाच हवं. मायएसक्यूएलमध्ये मीडियमब्लॉब किंवा लाँगब्लॉब. नुसता ब्लॉब बहुतेक चित्रांना पुरत नाही.

टेक्स्ट किंवा वॅरकॅर मात्र कधीही नको. टेक्स्टला कॅरेक्टर सेट असतो आणि चित्राच्या बाइटना तो नसतो. त्यांना टेक्स्टच्या डब्यात कोंबलं की डेटाबेस, ड्रायव्हर किंवा मधला एखादा थर त्यांचं भाषांतर करायला जातो, आणि भाषांतर झालेलं चित्र परत मिळवता येत नाही. पोस्टग्रेसच्या टेक्स्टमध्ये तर शून्य मूल्याचा बाइट बसतच नाही, आणि पीएनजीच्या पहिल्या दहा बाइटमध्येच तो येतो.

## फंक्शन चूक न दाखवता चालतं, पण चित्र उघडत नाही. शोध कुठून सुरू करायचा?

पहिल्या आठ बाइटपासून. कोड वाचायच्या आधी हे करा, निम्मा वेळ वाचतो.

धड पीएनजी फाइल नेहमी १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १० अशी सुरू होते. ही रचना मुद्दाम केलेली आहे. १३७ हा सात बिटांत न मावणारा आकडा आहे, त्यामुळे आठवा बिट खाणारा मार्ग लगेच उघडा पडतो. पुढे १३ १० ही जोडी आणि शेवटी सुटा १० ठेवलाय तो ओळ संपवण्याच्या खुणा कोणी बदलल्या का ते कळावं म्हणून. म्हणजे पीएनजीच्या सहीतच बिघाड ओळखायची सोय आहे. जेपेग २५५ २१६ २५५ ने सुरू होतं आणि २५५ २१७ ने संपतं. जिफची सुरुवात ७१ ७३ ७० ५६ अशी असते.

चित्र जिथे पोचतं त्या टोकाला पहिले बाइट छापा आणि पाहा:

- ९२ १२० ५६ ५७: ही उलटी तिरकी रेघ, एक्स आणि पुढे आकडे आहेत. पोस्टग्रेसचं सोळामान (हेक्स) टेक्स्ट कोणीही न उलगडता पुढे ढकललं आहे.
- ४८ १२०: तसंच सोळामान टेक्स्ट, पण एसक्यूएल सर्व्हरच्या धाटणीचं.
- १०५ ८६ ६६ ७९ ८२: पीएनजीचं बेस६४. डिकोड करायचं राहिलं.
- २३९ १९१ १८९: १३७ च्या जागी हे तीन बाइट आले असतील तर कोणीतरी बायनरीला यूटीएफ-८ समजून वाचलं आणि न कळलेल्या बाइटऐवजी ‘अज्ञात अक्षर’ लिहिलं. मूळ बाइट गेले, ते परत येणार नाहीत. त्या थराच्या अलीकडून पुन्हा आणा.
- २३९ १८७ १९१ आणि मग १३७: चित्र ठीक आहे, पण वेब बाजूच्या एखाद्या स्क्रिप्ट फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी तीन बाइटची खूण) आहे आणि तो आधी छापला गेला.
- १३७ ८० ७८ ७१ १० २६ १०: तेरा गायब. ओळीच्या खुणा बदलणाऱ्या मार्गाने फाइल गेली, म्हणजे बहुधा टेक्स्ट मोडमध्ये उघडली किंवा पाठवली गेली.
- ८० ७१ ६७ ७९ ८० ८९: पोस्टग्रेसच्या बायनरी कॉपीचा मथळा. याचं उत्तर खाली वेगळं आहे.
- ९८ ३९: पायथनने बाइटचं छापील रूप दिलं. फंक्शनचा रिटर्न टाइप टेक्स्ट राहिला आहे.
- ८८ १०: आर भाषेतला सीरियलाइझ केलेला ऑब्जेक्ट. हेही खाली आहे.
- ६०: ही ‘पेक्षा लहान’ची खूण. तुमच्या हातात चित्र नाही, एचटीएमएलचं चूक सांगणारं पान आहे.

सुरुवात बरोबर असेल तर लांबी तपासा. पोस्टग्रेसमध्ये ‘ऑक्टेट_लेंग्थ’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डेटालेंग्थ’, ओरॅकलमध्ये ‘डीबीएमएस_लॉब’मधलं ‘गेटलेंग्थ’. पोचलेली लांबी बरोबर ६५,५३५, ८,०००, ३० किंवा १ असेल तर टाइपची मर्यादा आड आली. लांबी जुळते पण चित्र अर्धवट करडं दिसतं, अशा वेळी दोन्ही टोकांना एमडी५ (बाइटवरून काढलेला ठसा) काढून ताडून पाहा. एमडी५ जुळला तर डेटाबेस निर्दोष आहे. साठवतानाच फाइल बिघडली होती.

## पोस्टग्रेस बायनरीऐवजी सोळामान अक्षरं का पाठवतो?

क्लायंटने निकाल टेक्स्ट स्वरूपात मागितला म्हणून. ‘बाइटए_आउटपुट’ या सेटिंगचं डीफॉल्ट मूल्य ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, ‘हेक्स’ आहे. त्याआधी ‘एस्केप’ होतं. प्रत्येक बाइटला दोन अक्षरं आणि सुरुवातीची दोन, असा हिशेब पडतो. १ एमबीच्या चित्रासाठी तारेवरून २ एमबी जातात.

यावर उपाय म्हणून ती सेटिंग ‘एस्केप’ करू नका. तशाने प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण चित्रातले बरेच बाइट चार-चार अक्षरांचे होतात आणि आकार आणखी फुगू शकतो. खरा उपाय ड्रायव्हरकडे आहे. लिबपीक्यू (पोस्टग्रेसची सी भाषेतली लायब्ररी) थेट वापरत असाल तर क्वेरी पाठवतानाच निकालाचं स्वरूप १, म्हणजे बायनरी, असं मागता येतं. बाकी ड्रायव्हर उलगडून देतात, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी:

पायथनचं सायकोपीजी२ ‘मेमरीव्ह्यू’ देतं, त्यावर ‘बाइट्स’ लावा. पीएचपीच्या जुन्या ‘पीजी’ फंक्शनांना ‘पीजी_अनएस्केप_बाइटए’ हाताने लावावं लागतं. पीएचपीचं पीडीओ स्ट्रिंग न देता स्ट्रीम देतं, आणि तो थेट एको केला की ‘रिसोर्स’ असं काहीतरी छापलं जातं. जावामध्ये ‘गेटबाइट्स’ वापरा, ‘गेटस्ट्रिंग’ नको. नोडमध्ये ‘बफर’ मिळतो. त्यावर चुकूनही ‘टूस्ट्रिंग’ लावू नका, वरचे २३९ १९१ १८९ बहुतेक वेळा तिथूनच येतात.

## मग बेस६४ करूनच पाठवलं तर?

चित्र जेएसओएनच्या आत जाणार असेल किंवा डेटा यूआरआय म्हणून पानातच चिकटवायचं असेल, तर करा. एरवी नको. दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे एक तृतीयांश वाढ, शिवाय दोन्ही टोकांना काम. ब्राउझरचं वेगळं कॅशिंगही हातचं जातं.

करणारच असाल तर ओळी तोडण्याकडे लक्ष द्या. पोस्टग्रेसचं ‘एन्कोड’ आणि मायएसक्यूएलचं ‘टू_बेस६४’ दोन्ही दर ७६ अक्षरांनंतर नवी ओळ घालतात. काही डिकोडर त्या ओळी गिळतात, काही अडखळतात. पोस्टग्रेसमध्ये निकालावर ‘रिप्लेस’ लावून दहा क्रमांकाचं अक्षर काढून टाका.

ओरॅकलमध्ये ‘यूटीएल_एन्कोड’चं बेस६४ फक्त रॉ टाइपवर चालतं, त्यामुळे ब्लॉब तुकड्यातुकड्यांनी वाचावा लागतो. तुकड्याचा आकार तीनच्या पटीत ठेवा. नाही ठेवला तर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी भरणीची ‘बरोबर’ची खूण येते, ती ओळीच्या मधोमध पडते आणि डिकोडर तिथेच थांबतो. चित्राचा वरचा पट्टाच दिसतो, बाकी रिकामं, तेव्हा हे कारण आधी तपासावं.

## पीएसक्यूएलमधून चित्र फाइलमध्ये काढलं, पण फाइल उघडत नाही. का?

पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड लाइन क्लायंटमध्ये, बायनरी कॉपी वापरली असणार. नाव फसवं आहे. बायनरी कॉपी म्हणजे जसेच्या तसे बाइट नव्हेत, तो पोस्टग्रेसचा स्वतःचा फाइल फॉरमॅट आहे. ११ बाइटची सही, ४ बाइटचे फ्लॅग, ४ बाइट मथळ्याच्या पुरवणीची लांबी, मग ओळीतल्या रकान्यांची संख्या २ बाइट आणि रकान्याची लांबी ४ बाइट. एकाच रकान्याची एक ओळ काढली तर चित्र २६ व्या बाइटपासून सुरू होतं, आणि शेवटी २ बाइटचं शेपूट असतं.

पुढचे २५ आणि मागचे २ कापून चित्र निघतं, पण सरळ रस्ता दुसरा आहे. क्वेरीत ‘एन्कोड’ने सोळामान करा. पीएसक्यूएलला फक्त मूल्य छापायला सांगा, म्हणजे मथळे बंद करणारा ‘टी’ आणि रचना बंद करणारा ‘ए’ हे दोन पर्याय द्या. निकाल पाइपने ‘एक्सएक्सडी’कडे पाठवा आणि त्याला ‘आर’ व ‘पी’ पर्याय देऊन उलटं रूपांतर करा. इथे सुरुवातीची तिरकी रेघ-एक्स जोडी येत नाही, कारण ती बाइटएच्या छपाईत असते, ‘एन्कोड’च्या निकालात नसते.

मायएसक्यूएलमध्ये याचीच जुळी चूक होते: ‘इन्टू आउटफाइल’ वापरलं की खास बाइटच्या आधी एस्केप येतात आणि शेवटी नवी ओळ. ‘इन्टू डम्पफाइल’ वापरा. ते एकच ओळ घेतं, पण एक बाइटही बदलत नाही. एसक्यूएल सर्व्हरचं बीसीपी (डेटा काढण्या-भरण्याचं साधन) नेटिव्ह रूपात वॅरबायनरी मॅक्सच्या आधी ८ बाइटची लांबी लिहितं, म्हणून १३७ नवव्या जागी सापडतो. फॉरमॅट फाइलमध्ये प्रीफिक्सची लांबी ० द्या आणि टर्मिनेटर रिकामा ठेवा.

## आलेख डेटाबेसमध्येच काढून पीएनजी परत करायचा आहे. पीएल/पायथनमध्ये कसं करायचं?

आधी एक विचार करा: आलेख रेघा आणि अक्षरांचाच असेल तर एसव्हीजी काढा. ते टेक्स्ट असतं, त्यामुळे या पानावरचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. पिक्सेलच हवे असतील तर पुढे वाचा.

पीएल/पायथन ही ‘अविश्वासू’ गटातली भाषा आहे. तिच्यात फंक्शन तयार करायला सुपरयूझर लागतो, आणि फंक्शन सर्व्हरच्या खात्याच्या अधिकाराने चालतं. आलेख काढणारी लायब्ररी मॅटप्लॉटलिबही पोस्टग्रेस ज्या पायथनशी जोडलेला आहे त्याच पायथनमध्ये बसवलेलं हवं. तुमच्या स्वतःच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलं त्याला दिसत नाही.

फंक्शनचा रिटर्न टाइप बाइटए. आत, पायप्लॉट आयात करण्याआधी बॅकएंड ‘अ‍ॅग’ ठरवा. सर्व्हरला पडदा नसतो आणि खिडकी उघडू पाहणारा बॅकएंड तिथेच कोसळतो. डेटा ‘पीएलपाय’च्या ‘एक्झिक्यूट’ने आणा, आकृती काढा, मग ‘बाइट्सआयओ’चा बफर बनवून ‘सेव्हफिग’ला तो द्या आणि फॉरमॅट पीएनजी स्पष्ट सांगा. शेवटी बफरचं ‘गेटव्हॅल्यू’ परत करा. ‘रीड’ वापरलंत तर आधी ‘सीक’ने शून्यावर यावं लागतं. ते विसरलं की शून्य लांबीचं चित्र मिळतं, तेही कुठलीच चूक न दिसता.

आकृती बंद करायला विसरू नका. पायथनचा इंटरप्रिटर एकदा सुरू झाला की डेटाबेस सेशन संपेपर्यंत जिवंत राहतो. कनेक्शन पूल असेल तर ते सेशन दिवसेंदिवस चालतं, आणि प्रत्येक हाकेला एक उघडी आकृती मेमरीत साचते. वीसपेक्षा जास्त उघड्या आकृत्या झाल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देतं, पण तो सर्व्हरच्या लॉगमध्ये कुणाच्या नजरेस पडत नाही. मध्ये एक्सेप्शन आलं तरी आकृती बंद व्हावी म्हणून ‘फायनली’मध्ये ‘क्लोज’ ठेवा.

चित्राचा आकार इंच गुणिले डीपीआय (दर इंचाला पिक्सेल) असा ठरतो. डीफॉल्ट ६.४ बाय ४.८ इंच आणि १०० डीपीआय, म्हणजे ६४० बाय ४८० पिक्सेल. ‘सेव्हफिग’ला बाजूची मोकळी जागा छाटायला सांगितलं की हा हिशेब बिघडतो, तेव्हा ठरावीक आकार हवा असेल तर छाटू नका.

आलेखावर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर बायनरीचा काही संबंध नाही. डीफॉल्ट फॉन्टमध्ये देवनागरी नाही. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवून तो निवडा, आणि मग जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात का ते डोळ्यांनी पाहा. फॉन्ट मिळाला म्हणजे जोडाक्षर जुळलंच असं नसतं.

## पीएल/आर आणि पीएल/पर्लमध्ये काही वेगळं करावं लागतं का?

लागतं. पीएल/आर फंक्शनचा रिटर्न टाइप बाइटए ठेवला की मिळणारी गोष्ट चित्र नसते. आरने आपला ऑब्जेक्ट सीरियलाइझ करून दिलेला असतो, आणि चित्राचे बाइट त्याच्या आवरणात असतात. सुरुवातीचे ८८ १० याचीच खूण. आतले बाइट काढायला ‘पीएलआर_गेट_रॉ’ आहे, ते क्वेरीत बाहेरून लावा. म्हणजे आरचं फंक्शन आत, ‘पीएलआर_गेट_रॉ’ बाहेर, आणि अ‍ॅप्लिकेशनला फक्त बाहेरचं दिसेल असं एक छोटं एसक्यूएल फंक्शन वर. हे वेष्टण केलं नाही तर प्रत्येक नवा माणूस त्याच खड्ड्यात पडतो.

पीएल/पर्लला बाइटए एस्केप केलेल्या टेक्स्टच्या रूपात मिळतं. आत घेताना ‘डीकोड_बाइटए’, परत करताना ‘एन्कोड_बाइटए’. दुसरं विसरण्याचं प्रमाण जास्त.

## पोस्टजीआयएसच्या (पोस्टग्रेसच्या नकाशा-विस्ताराच्या) रास्टरमधून थेट पीएनजी मिळतं ना?

मिळतं. ‘एसटी_अ‍ॅजपीएनजी’, ‘एसटी_अ‍ॅजजेपेग’, ‘एसटी_अ‍ॅजटिफ’ आणि सर्वसाधारण ‘एसटी_अ‍ॅजजीडालरास्टर’ ही सगळी बाइटए परत करतात. पण नव्या बसवलेल्या सर्व्हरवर पहिली हाक हमखास फसते, कारण जीडालचे (रास्टर फॉरमॅट वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीचे) ड्रायव्हर सुरक्षेसाठी मुळात बंद असतात. ‘पोस्टजीआयएस.जीडाल_एनेबल्ड_ड्रायव्हर्स’ या सेटिंगमध्ये लागतील तेवढ्यांचीच नावं द्या. सगळे चालू करणारं मूल्यही आहे, पण पीएनजी आणि जेपेगवर भागत असेल तर बाकीची दारं उघडी ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण पिक्सेलच्या प्रकाराची. पीएनजीला ८ किंवा १६ बिटांचे चिन्हविरहित पूर्णांक लागतात, जेपेगला ८ बिटांचेच. उंचीचं रास्टर बहुधा दशांशात असतं, ते थेट जात नाही. ‘एसटी_रीक्लास’ने ० ते २५५ मध्ये आणा किंवा ‘एसटी_कलरमॅप’ लावा. बँडची संख्याही मोजा. दोन किंवा चारपेक्षा जास्त बँड असतील आणि कोणते ते सांगितलं नाही, तर ‘एसटी_अ‍ॅजपीएनजी’ फक्त पहिला घेतं आणि रंगीत चित्राऐवजी करडं मिळतं.

## चित्रासोबत माइम टाइप (फाइलचा प्रकार सांगणारं नाव) आणि फाइलचं नावही परत करायचं आहे. तीन फंक्शनं करायची का?

एकच करा, आउट पॅरामीटर किंवा ‘रिटर्न्स टेबल’ वापरून: बाइट, माइम टाइप, हॅश, बदलाची वेळ. हॅश सोबत असेल तर वेब बाजू ईटॅग (आवृत्ती ओळखायचा मथळा) पाठवू शकते आणि तेच चित्र पुन्हा पाठवायची गरज राहत नाही. त्यासाठी हॅश साठवतानाच काढून रकान्यात ठेवा, आणि ब्राउझरकडे तोच हॅश आधीच असेल तर बाइट न वाचणारी वेगळी वाट फंक्शनमध्ये ठेवा. नाहीतर बदल नाही एवढं सांगायलाही दरवेळी अख्खं चित्र वाचलं जातं.

अशा फंक्शनचे रकाने उलगडताना सिलेक्टच्या यादीत कंसात हाक मारून पुढे टिंब-तारा लिहायची सवय पुष्कळांना असते. पोस्टग्रेस त्याचा विस्तार प्रत्येक रकान्यासाठी एक हाक असा करतो. चार रकाने असतील तर चित्र चार वेळा काढलं जातं. उत्तर बरोबर येतं, म्हणून वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. फक्त सगळं चौपट हळू असतं. फंक्शन ‘फ्रॉम’मध्ये घ्या, किंवा दुसऱ्या टेबलातल्या प्रत्येक ओळीसाठी लागत असेल तर ‘लॅटरल’ने जोडा. एकच हाक होते.

## मायएसक्यूएलमध्ये लहान चित्रं दिसतात, मोठी अर्धी येतात. असं का?

फंक्शनचा रिटर्न टाइप ब्लॉब आहे. त्याची कमाल लांबी ६५,५३५ बाइट. मीडियमब्लॉब १,६७,७७,२१५ बाइटपर्यंत जातो आणि लाँगब्लॉब ४ जीबीला एक बाइट कमी. स्ट्रिक्ट मोड असेल तर लांबीबद्दल चूक मिळते, नसेल तर नुसतं शेपूट कापलं जातं. इथे एक मेख आहे: फंक्शन चालतं ते ज्या एसक्यूएल मोडमध्ये तयार केलं त्या मोडमध्ये, आजच्या सेशनच्या नव्हे. त्यामुळे सेशनमध्ये स्ट्रिक्ट मोड लावून फरक पडला नाही तर फंक्शन पुन्हा तयार करा.

टाइप बरोबर असूनही पूर्ण निकाल येत नसेल तर ‘मॅक्स_अलाउड_पॅकेट’ पाहा. आवृत्ती ८.० मध्ये सर्व्हरचं डीफॉल्ट ६४ एमबी आहे, वरची मर्यादा १ जीबी. क्लायंटचं मूल्य वेगळं असतं, दोन्ही वाढवा.

फंक्शनमध्ये ‘लोड_फाइल’ वापरून नल मिळत असेल तर ते चूक न सांगता नापास होतं हे लक्षात घ्या. फाइल सर्व्हरच्याच यंत्रावर हवी, पूर्ण मार्ग हवा, ‘फाइल’ हा अधिकार हवा, ‘सिक्युअर_फाइल_प्रिव्ह’ने ठरवलेल्या फोल्डरात हवी, आणि आकार वरच्या पॅकेटपेक्षा लहान हवा.

## एसक्यूएल सर्व्हरमधून एकच बाइट मिळतो!

व्हेरिएबल किंवा रिटर्न टाइप लिहिताना वॅरबायनरीची लांबी दिली नाही तर ती १ धरली जाते. ‘कास्ट’मध्ये दिली नाही तर ३०. दोन्ही ठिकाणी ‘मॅक्स’ लिहा. आकडा द्यायचा तर ८,००० च्या पुढे देता येत नाही. जुना ‘इमेज’ टाइप स्केलर फंक्शनमधून परत करताच येत नाही. टेबलात तो अजून असेल तर फंक्शनमध्ये वॅरबायनरी मॅक्समध्ये बदलून घ्या.

आणि ग्रिडमधून सोळामान मूल्य कॉपी करून चित्र तपासू नका. ग्रिड लांब मूल्यं कापतो, आणि नसलेला बिघाड शोधत बसाल.

## ओरॅकलमध्ये ब्लॉब परत करताना काय सांभाळायचं?

ब्लॉब परत करणारं फंक्शन बाइट देत नाही, लोकेटर, म्हणजे ते कुठे आहेत याचा पत्ता, देतं. बाइट नंतर त्यातून वाचायचे असतात. फंक्शनमध्ये नवं चित्र बनवत असाल तर आधी ‘क्रिएटटेम्पररी’ने तात्पुरता लॉब तयार करा. नुसतं व्हेरिएबल घोषित करून त्यात लिहायला गेलात तर ओआरए-२२२७५, अवैध लोकेटर.

तात्पुरता लॉब मोकळा करणं हे हाक मारणाऱ्याचं काम आहे, फंक्शनचं नाही, कारण फंक्शनने मोकळा केला तर परत काय करणार? जावात ब्लॉबवर ‘फ्री’ बोलवा. हे राहिलं की टेम्पररी टेबलस्पेस हळूहळू भरते. कोणत्या सेशनने किती धरून ठेवले आहेत ते ‘व्ही$टेम्पररी_लॉब्ज’मध्ये दिसतं.

‘डीबीएमएस_लॉब’च्या ‘सबस्ट्र’मध्ये आधी किती आणि मग कुठून, असा क्रम आहे. नेहमीच्या ‘सबस्ट्र’च्या बरोबर उलटा. याचा निकाल रॉ असतो: पीएल/एसक्यूएलमध्ये ३२,७६७ बाइटपर्यंत, पण साध्या एसक्यूएलमध्ये नेहमीच्या सेटिंगला २,००० पर्यंतच. त्यापुढे मागितलं की ओआरए-०६५०२.

## पोस्टग्रेसचे लार्ज ऑब्जेक्ट वापरावेत की बाइटए?

चित्रांसाठी बाइटए. लार्ज ऑब्जेक्ट ४ टीबीपर्यंत जातात आणि तुकड्यांनी लिहिता-वाचता येतात, पण टेबलात फक्त त्यांचा ओआयडी (ओळख क्रमांक) असतो. ओळ पुसली तरी ऑब्जेक्ट मागे उरतो. तो ‘व्हॅक्यूमएलओ’ने झाडावा लागतो. एखादंच टेबल पीजी_डम्पने काढलं तर ते सोबत येत नाहीत, आणि हे बहुधा बॅकअप परत आणतानाच कळतं. आधीच साठवलेले असतील तर ९.४ पासून ‘एलओ_गेट’ थेट बाइटए देतं. फंक्शनमध्ये तेच गुंडाळा.

## बाइटएमध्ये किती मोठं चित्र चालतं?

मर्यादा १ जीबीची, पण तिथवर जाऊ नका. बाइटएचं मूल्य अख्खं मेमरीत घेतलं जातं, आणि टेक्स्ट स्वरूपात पाठवताना दुप्पट लांबीची स्ट्रिंग बनते. तीही १ जीबीतच बसायला हवी, म्हणून अर्ध्या जीबीच्या वरचं मूल्य साठवता आलं तरी साध्या सिलेक्टने बाहेर येत नाही. काही एमबींपर्यंतची चित्रं निवांत चालतात.

मोठी असतील तर ‘सबस्ट्रिंग’ने तुकडे परत करणारं फंक्शन करा: ओळख, सुरुवात, लांबी. सुमारे २ केबीच्या वरची ओळ पोस्टग्रेस टोस्ट (मोठ्या मूल्यांसाठीच्या वेगळ्या) टेबलात तुकडे करून ठेवतो, आणि मूल्य दाबलेलं नसेल तर हवे तेवढेच तुकडे वाचतो. जेपेग आणि पीएनजी आधीच दाबलेले असल्यामुळे पोस्टग्रेस प्रयत्न करून सोडून देतो. तो वाया जाणारा प्रयत्न टाळायला रकान्याचं स्टोरेज ‘एक्स्टर्नल’ करा. बदल नव्या मूल्यांनाच लागू होतो, जुन्या ओळी जशा होत्या तशाच राहतात.

## चित्र नसेल तर काय परत करायचं?

नल. शून्य लांबीचं बाइटए नको, आणि ‘चित्र नाही’ असं लिहिलेलं चित्र तर मुळीच नको. तो निर्णय वेब बाजूचा, तिने ४०४ द्यावा. ओरॅकलमध्ये सावध राहा: ‘एम्प्टी_ब्लॉब’ हा नल नसतो, त्यामुळे फक्त नल तपासून भागत नाही, लांबीही पाहावी लागते.

## फंक्शन थेट ब्राउझरपर्यंत चित्र पोचवू शकतं का?

मध्ये काहीतरी एचटीटीपी बोलणारं लागतं. पोस्टग्रेससाठी पोस्टग्रेस्ट (डेटाबेसवरून थेट वेब एपीआय देणारा सर्व्हर) वापरत असाल तर १२ व्या आवृत्तीपासून बाइटएवर माइम टाइपच्याच नावाचं डोमेन तयार करून ते फंक्शनचा रिटर्न टाइप म्हणून देता येतं; विनंतीतला ‘अ‍ॅक्सेप्ट’ जुळला की बाइट जसेच्या तसे जातात. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल गेटवेमध्ये आधी ‘ओडब्ल्यूए_यूटिल’ने माइम मथळा आणि मग ‘डब्ल्यूपीजी_डॉकलोड’चं ‘डाउनलोड_फाइल’.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी माइम टाइप वापरकर्त्याने सांगितलेला नको, पहिल्या बाइटवरून ठरवलेला हवा. सोबत ब्राउझरला स्वतः अंदाज न बांधायला सांगणारा ‘नोस्निफ’ मथळा द्या.

## सर्व्हरवरची फाइल वाचून परत करणारं फंक्शन धोक्याचं आहे का?

‘पीजी_रीड_बायनरी_फाइल’ हे मुळात सुपरयूझरसाठी राखलेलं आहे, इतरांना ते चालवण्याचा अधिकार वेगळा द्यावा लागतो. ते ‘सिक्युरिटी डिफायनर’ (मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या) फंक्शनमध्ये गुंडाळून सगळ्यांना दिलं आणि मार्ग पॅरामीटरमधून घेतला, तर सर्व्हरच्या खात्याला दिसणारी कुठलीही फाइल कोणालाही वाचता येते. मार्ग कधीच बाहेरून घेऊ नका. ओळख क्रमांक घ्या आणि मार्ग टेबलातून काढा. फंक्शनवर ‘सर्च_पाथ’ पक्का बांधा, आणि चालवण्याचा अधिकार ‘पब्लिक’कडून काढून घ्या, नवं फंक्शन तयार होतं तेव्हा तो अधिकार सगळ्यांना आपोआप मिळालेला असतो. तयार करणं आणि अधिकार काढणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलं तर मधल्या क्षणीही दार उघडं राहत नाही.